कोजागरीसाठी तांबड्या भोपळ्याचं गोड, ओव्हनशिवाय (ओहायो)

गवतीचहा | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,
आमच्या मंडळाची कोजागरी पुढच्या शनिवारी आहे. कोलंबसच्या उत्तरेला एका पार्कातलं शेल्टर घेतलंय. वर छप्पर, लाकडी बाकं, दोन प्लग, एक नळ. ओव्हन नाही, शेगडी नाही. मसाला दूध एक कुटुंब घरून आटवून थर्मासमधून आणणार आहे. गोड माझ्याकडे. माणसं साधारण चाळीस, त्यात दहा-बारा मुलं.

यंदा भोपळ्याचंच काहीतरी करायचं मनात आहे. या दिवसांत इथे प्रत्येक दुकानाच्या दारात भोपळ्यांचे ढीग लागलेत, झाडं पिवळी-तांबडी झालीत आणि कोजागरीही शरदातलीच. दोन्हीचा मेळ बसावा असं फार वाटतं. पण घरचा ओव्हन दोन आठवडे बंद आहे, त्याचा सुटा भाग अजून यायचाय. म्हणजे भाजायचं काही नाही. गॅस आहे, फ्रीज आहे.

गेल्या वर्षी मी न भाजता होणारं भोपळ्याचं चीजकेक केलं होतं. पहिला तुकडा उचलला तर खालचा बिस्किटांचा थर ताटलीतच राहिला आणि वरचं सगळं सुरीवरून ओघळून बाकावर पडलं. शेवटी वाट्यांमध्ये चमच्याने वाढलं. लोकांनी खाल्लं, पण मला आठवडाभर चैन नव्हतं.

अडचणी अशा: अंडं नको, जिलेटिन नको. एका मुलाला शेंगदाणे आणि सगळ्या सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी आहे. तिघीजणींचा कोजागरीचा उपास आहे. दोन काकांना मधुमेह आहे. घरात डब्यातल्या भोपळ्याच्या गराचे चार कॅन आहेत आणि शेतावरून आणलेला एक मोठा नारिंगी भोपळा आहे. काय करू?

पाटावरवंटा | सोमवार, रात्री १०:१५

पहिला प्रश्न: गेल्या वर्षी कॅनमधला गर आटवला होता का, की तसाच घातला होता?

गवतीचहा | सोमवार, रात्री १०:२२

तसाच घातला. कृतीत तसंच होतं.

पाटावरवंटा | सोमवार, रात्री १०:५१

मग सगळं तिथेच बिघडलं. भोपळ्याचा गर दिसायला घट्ट असतो, पण त्यात दहातले नऊ भाग पाणी असतं. भाजलेल्या पायमध्ये ते पाणी ओव्हनमध्ये उडून जातं, शिवाय अंडं त्याला बांधून ठेवतं. तुमच्याकडे ओव्हनही नाही आणि अंडंही नाही, मग पाणी जाणार कुठे? ते बिस्किटात उतरतं. वर साखर घातली की आणखी सुटतं.

जाड बुडाचं पसरट पातेलं किंवा नॉनस्टिक पॅन घ्या. १५ औंसाचा, म्हणजे ४२५ ग्रॅमचा एक कॅन त्यात पसरा. मध्यम ते मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं हलवत राहा. सुरुवातीला फटफट उडतो, हाताला चटके बसतात, म्हणून लांब दांड्याचा कालथा घ्या. मग आवाज कमी होत जातो. रंग केशरीवरून विटकरीकडे झुकतो. कालथा मधून ओढला आणि मागे पडलेली वाट लगेच बुजली नाही की झालं. वजन केलंत तर अडीचशे-पावणेतीनशे ग्रॅम भरेल. डब्याचा जो एक वास असतो, तोही यात निघून जातो. गार करूनच पुढच्या कृतीत घाला.

ही एक गोष्ट केलीत तर बाकी कोणतीही कृती चालेल. माझा शब्द.

रांगोळीचा_ठिपका | मंगळवार, सकाळी ७:०५

मी पण हेच शोधत होते. वाचतेय. फोटो टाका हं सगळ्यांनी.

वेलमांडव | मंगळवार, सकाळी ८:३०

गवतीचहा, तो शेतावरचा मोठा नारिंगी भोपळा गोडाला वापरू नका. कोरून दिवा लावायचे ते भोपळे वेगळे. आतून दोऱ्या-दोऱ्या, गर पातळ, चव जवळजवळ नाहीच. कितीही आटवलात तरी हाती फारसं लागत नाही. पायसाठी म्हणून वेगळा छोटा भोपळा मिळतो, तो बरा. पण मला विचाराल तर इथे मिळणारा बटरनट आपल्या तांबड्या भोपळ्याच्या सगळ्यात जवळचा.

थोडं सविस्तर लिहितो, कारण मला या विषयाचं फार प्रेम आहे. भोपळ्यांच्या मुख्य जाती तीन: पेपो, मोशाटा आणि मॅक्सिमा. हॅलोविनचा कोरायचा भोपळा बहुतेक पेपो. जत्रांमध्ये वजनाच्या स्पर्धेत येतात ते अवाढव्य भोपळे मॅक्सिमा. जपानी दुकानात मिळणारा हिरवा कबोचाही मॅक्सिमाच, पण तो गोड आणि कोरडा. आणि मंडईत फोड कापून मिळणारा आपला तांबडा भोपळा, तो बहुधा मोशाटा. बटरनटही मोशाटा.

आता गंमत बघा. अमेरिकेत डब्यात भरायचा भोपळा मुख्यत्वे इलिनॉय राज्यात पिकतो. लिबीजचा कारखाना तिथल्याच मॉर्टन गावात आहे आणि त्यांचा भोपळा डिकिन्सन जातीचा. तोही मोशाटाच! बाहेरून नारिंगी नाहीच, फिकट तपकिरी, लांबुडका, ढेरपोट्या बटरनटसारखा. म्हणजे तुमच्या फडताळातल्या त्या चार डब्यांमध्ये जे आहे, ते आजीच्या घारग्यांतल्या भोपळ्याचं सख्खं भावंडं आहे. आणि भोपळा मुळात याच खंडातला. आपल्याकडे तो समुद्रावरून आला आणि उपासाच्या ताटात जाऊन बसला. त्यामुळे डबा परका मानू नका. त्याला आपली वागणूक द्या, तूप, वेलची, जायफळ.

डबा घेताना एवढंच पाहा की घटकांमध्ये फक्त भोपळा लिहिलेला हवा. शेजारीच तशाच रंगाचा ‘पाय फिलिंग’चा डबा असतो, त्यात साखर आणि मसाला आधीच घातलेला असतो.

कढीलिंब | मंगळवार, सकाळी ९:१२

आमच्या वऱ्हाडात तांबड्या भोपळ्याला कोहळं म्हणतात. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा सासूबाईंनी कोहळा आणायला सांगितला. मी मंडईतून मोठी तांबडी फोड घेऊन आले, त्यांना हवा होता पांढरा, पेठ्याचा. त्या काही बोलल्या नाहीत, त्याच फोडीचे घारगे केले. आम्ही माहेरी त्याच पिठाचे गुलगुले करायचो. घारगे तळायचे असतात, ओव्हनचा संबंध नाही. ते का नाही करत?

गवतीचहा | मंगळवार, दुपारी १२:४०

कढीलिंब, घारगे मला फार आवडतात. पण चाळीस माणसांना दोन-दोन म्हणजे ऐंशी, आणि गार घारगा चिवट होतो. शिवाय त्यात कणीक, उपासवाल्यांना चालणार नाही.

वेलमांडव, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. मुलगी म्हणाली, मग मोठा भोपळा आपण कोरू. तिला दिला.

घारगेवाली | मंगळवार, दुपारी २:०५

वड्या करा. तांबड्या भोपळ्याच्या नारळाच्या वड्या. उपासाला बऱ्याच घरांत भोपळा चालतो, नारळ, दूध, साखर चालतंच. आदल्या दिवशी करून ठेवता येतात, हातात धरून खाता येतात, बशी-चमचा काही नको. चाळीस माणसांसाठी दुप्पट प्रमाण घ्या. मी एका डब्याचं लिहिते, ८ इंची चौकोनी ताटलीत ३६ वड्या पडतात.

भोपळ्याचा गर १ कॅन (किंवा सोललेला बटरनट किसून भरपूर तीन वाट्या). साजूक तूप २ मोठे चमचे. साखर १ कप. सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस, साखर न घातलेला, २ कप. दूध पावडर दीड कप. वेलची पूड, अर्धं जायफळ किसून, चिमूटभर मीठ.

तुपावर गर परता, पाटावरवंटा म्हणतात तसा वाट पडेपर्यंत. साखर घातली की पुन्हा सगळं पातळ होईल, घाबरू नका. ते परत दाटायला आठ-दहा मिनिटं लागतात. मग खोबरं घाला. मग आच अगदी मंद करून चाळलेली दूध पावडर थोडी थोडी करून. एकदम टाकलीत तर पांढऱ्या गुठळ्या राहतात आणि त्या शेवटपर्यंत मोडत नाहीत. मिश्रण कडा सोडून पॅनमध्ये एका गोळ्यासारखं फिरायला लागलं की बंद. पण लगेच थापू नका. थोडंसं बशीत काढून निवू द्या, बोटांत घेऊन गोळी वळा. गोळी वळली आणि बोटाला चिकटली नाही तर थापायचं. चिकटली तर आणखी पाच मिनिटं परता. माझ्या आईने शिकवलेली ही एकच खूण मी चाळीस वर्षं वापरतेय.

तूप लावलेल्या ताटलीत थापून, वाटीच्या बुडाने सपाट करून, कोमट असताना सुरीने रेघा मारून ठेवा. पूर्ण गार झाल्यावर सोडवा. वरून काही लावायचं तर भोपळ्याच्याच सोललेल्या हिरव्या बिया, कोरड्या तव्यावर फुगेपर्यंत भाजून.

सांडगी_मिरची | मंगळवार, दुपारी ३:३०

इथे एक जोड देते. अमेरिकेतल्या दुकानांत सरसकट मिळते ती बिनसायीची दूध पावडर. तिच्या वड्या किंचित कोरड्या होतात. तुपाचा एक चमचा वाढवा किंवा भारतीय दुकानातून फुल क्रीम पावडर आणा.

आणि गूळ घालायचा मोह होईल, भोपळा-गूळ ही जोडी फार सुंदर आहे. पण दूध पावडर असताना गूळ नको, फाटल्यासारखं कणीदार होऊ शकतं. गुळाच्या करायच्या तर फक्त खोबऱ्याच्या करा.

हिवाळी_ऊन | मंगळवार, सायंकाळी ६:५०

माझी सूचना: भोपळ्याचं श्रीखंड. न्यू जर्सीत आम्ही तीन वर्षं करतोय. फुल फॅट ग्रीक योगर्टचे ३२ औंसाचे दोन डबे, रात्रभर फ्रीजमध्येच मलमलीत बांधून, चाळणीवर वजन ठेवून. सकाळी चक्का. एका कॅनचा आटवलेला गर, पिठीसाखर दीड कप (चव बघून), वेलची, जायफळ. सगळं पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून घासून काढायचं. केशर नाही घातलं तरी रंग आंब्यासारखा. छोट्या कागदी कपांत भरलं तर पंचवीस होतात.

कढीलिंब | मंगळवार, सायंकाळी ७:२५

मी एकदा केलं होतं, मला नाही जमलं. खाताना जिभेला बारीक कण लागत होते, वाळूसारखे. आणि भोपळ्याची मातकट चव पुढे येत होती.

हिवाळी_ऊन | मंगळवार, सायंकाळी ७:४०

गर तुपावर परतला होता का?

कढीलिंब | मंगळवार, सायंकाळी ७:४४

हो. भरपूर तूप घातलं होतं, चांगलं व्हावं म्हणून.

हिवाळी_ऊन | मंगळवार, रात्री ८:१०

मग ते कण तुपाचे. फ्रीजमध्ये तूप थिजतं आणि चक्क्यात बारीक बारीक दाणे होऊन बसतं. हा फरक लक्षात ठेवायला हवा: वडी किंवा हलवा, म्हणजे खोलीच्या तापमानाला किंवा गरम खायचं असेल तर तुपावर परता. श्रीखंड, चीजकेक, कपातलं काहीही थंड खायचं असेल तर कोरडाच आटवा, तूप अजिबात नको.

मातकटपणाला उपाय म्हणजे चिमूटभर मीठ, आणि आटवताना शेवटी दोन मिनिटं गर पॅनला किंचित धरू द्या. जळू द्यायचा नाही. कडेला लालसर पापुद्रा आला की खरवडून मिसळा. तिथेच गोडवा असतो.

पाटावरवंटा | मंगळवार, रात्री ९:०५

हिवाळी_ऊन, हे तूप-कोरडं प्रकरण मला माहीत नव्हतं. फार उपयोगाचं.

गवतीचहा, उपासवाल्या तिघींसाठी एक बारीक गोष्ट. इथल्या तयार पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून कॉर्नस्टार्च घातलेला असतो. त्यांना चालत नसेल तर साधी साखर मिक्सरमध्ये दळून घ्या. योगर्टच्या डब्यावरचे घटकही वाचा. काहींत घट्टपणासाठी जिलेटिन असतं, तुम्हाला नको आहे ते.

गवतीचहा | मंगळवार, रात्री ९:३०

बापरे, हे कधी लक्षातच आलं नसतं. मनापासून आभार. दोन्ही करते, वड्या आणि श्रीखंडाचे कप. पण मुलांनी चीजकेकच मागितलंय. गेल्या वर्षीचं ते मलाही नीट करून बघायचंय. कुणी सांगेल का?

दालचिनीचं_झाड | बुधवार, पहाटे ५:५५

मी टोरंटोजवळ असते. इथे थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी, म्हणजे तुमच्याआधी दीड महिना, त्यामुळे माझा सराव चालू आहे.

आटवलेला गर हे अर्धं काम. उरलेलं अर्धं क्रीम चीजमध्ये आहे. विटेसारखं कागदात गुंडाळलेलं फुल फॅट घ्या, ८ औंसाच्या दोन विटा. डब्यातलं मऊ, ब्रेडला लावायचं घेऊ नका, ते मुळात पातळ असतं. दोन तास बाहेर ठेवून पूर्ण मऊ होऊ द्या. गार असताना फेटलंत तर पांढरे खडे राहतात. आधी एकटं क्रीम चीज फेटा, मग पाऊण कप साखर, मग गार झालेला गर, मसाला. दुसऱ्या थंड भांड्यात १ कप हेवी क्रीम फेटायचं. यंत्र उचललं की टोक ताठ उभं राहायला हवं, वाकायला नको. हे क्रीम शेवटी, तीन वेळा थोडं थोडं, हलक्या हाताने खालून वर दुमडत मिसळा. फेटू नका, आत कोंडलेली हवा गेली की सगळं बसतं.

खालच्या थराला २०० ग्रॅम बिस्किटं आणि १०० ग्रॅम वितळलेलं लोणी. मुठीत दाबल्यावर मूठ टिकली पाहिजे. वाटीच्या बुडाने घट्ट दाबून अर्धा तास फ्रीझरमध्ये. मग वरचा थर आणि निदान रात्रभर फ्रीज. तीन-चार तासांत होत नाही.

तुकडेच पाडायचे असतील आणि पार्कात न्यायचं असेल तर चायना ग्रास मदतीला घ्या. जिलेटिन नकोय म्हणून सांगते. अर्धा छोटा चमचा पावडर अर्ध्या कप पाण्यात घालून दोन मिनिटं खळखळून उकळायची. नुसत्या गरम पाण्यात विरघळत नाही, उकळीच लागते. आणि ते खोलीच्या तापमानालाच धरायला लागतं, फ्रीजची वाट बघत नाही. म्हणून थंड क्रीम चीजमध्ये ओतलंत तर दोरे दोरे होतात. आटवलेला गर गरम असताना त्यात मिसळा, कोमट होऊ द्या, मग क्रीम चीज. खरं सांगू, उघड्यावरच्या कार्यक्रमाला मी तुकड्यांच्या भानगडीत पडतच नाही. छोट्या पारदर्शक कपांत खाली चुरा, वर मिश्रण. मुलांना ते जास्त आवडतं.

रांगोळीचा_ठिपका | बुधवार, सकाळी ८:२०

मसाल्याचं कुणी सांगा ना. पंपकिन स्पाइसची बाटली घ्यायची की आपलं वेलची-जायफळ?

सांडगी_मिरची | बुधवार, सकाळी ९:००

बाटलीत दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग आणि बहुतेक वेळा ऑलस्पाइस असतं. ऑलस्पाइस हे मिश्रण नाही, एका झाडाचं मिरीएवढं वाळवलेलं फळ आहे. म्हणजे ऑलस्पाइस सोडलं तर सगळं आपल्या डब्यात आहेच. चीजकेकला दालचिनी आणि सुंठ पुढे असू दे. वडीला आणि श्रीखंडाला फक्त वेलची-जायफळ. लवंग कुठेही घाला पण अगदी टोकभर. थंड पदार्थात लवंग दुसऱ्या दिवशी चढते, मग औषधासारखं लागतं.

तिसरा_डबा | बुधवार, सकाळी ११:३५

मी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात आहारविभागात काम करते, म्हणून चार गोष्टी आवर्जून.

थंड पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. ऑक्टोबरची रात्र गार आहे म्हणून फ्रीजसारखं चालेल असं समजू नका. फ्रीजला ४० फॅरनहाइटच्या खाली लागतं आणि संध्याकाळी सातला पार्कात तेवढी थंडी नसते. चीजकेक आणि श्रीखंड बर्फाच्या पेटीत ठेवा, वाढताना थोडे थोडे काढा. वड्या त्या मानाने सोशिक आहेत.

कच्ची कणीक किंवा मैदा घातलेलं न भाजायचं ‘कुकी डो’ मुलांना देऊ नका, तो धोका उगीच पत्करू नये. ओट्स घ्यायचे तर चालतील.

अ‍ॅलर्जीच्या मुलासाठी: बिस्किटं, खोबरं, बिया, सगळ्या पाकिटांवरची सूचना वाचा. नारळ आणि भोपळ्याच्या बिया त्याला चालतात का ते त्याच्या आईला आज फोन करून विचारा, कार्यक्रमात नाही. ज्या मिक्सरमध्ये काजू दाणे वाटता त्यात त्याची साखर दळू नका. त्याचा डबा वेगळा भरून, झाकण लावून, नाव लिहून ठेवा. लहान मुलाला सगळ्यांबरोबर हात पुढे करता यायला हवा, त्याच्याकडे बघून कुणी ‘अरे हे तुला नाही’ म्हणायला नको.

आणि काकांबद्दल. ‘खजुराचं आहे, साखर नाही’ असं सांगून काही देऊ नका. खजूरही साखरच आहे. त्यात काय आणि किती आहे ते मोकळेपणाने सांगा, वडी लहान कापा, शेजारी तव्यावर मीठ-तिखट लावून भाजलेल्या भोपळ्याच्या बिया ठेवा. मोठी माणसं आहेत, ती ठरवतील.

गवतीचहा | बुधवार, दुपारी १:१०

तिसरा डबा, तुमचा प्रतिसाद वाचून डोळ्यांत पाणी आलं. गेल्या वर्षी तो मुलगा सबंध वेळ आईने घरून आणलेला सफरचंदाचा तुकडा खात बसला होता. आईशी आत्ताच बोलले. नारळ चालतो, भोपळ्याच्या बिया चालतात, पण काजूबदामांच्या यंत्रावर न हाताळलेल्या हव्यात. तशा शोधते.

गवतीचहा | गुरुवार, रात्री ११:५०

मदत!! वड्या थापल्या, दोन तास झाले. कडेच्या घट्ट आहेत पण मधल्या सुरीला चिकटतायत. दुप्पट प्रमाण एकाच पॅनमध्ये केलं. गोळी वळून बघितली होती, पण ती पॅनच्या कडेची घेतली होती.

घारगेवाली | शुक्रवार, पहाटे ०:१०

जागी आहे, इथे सकाळ आहे. काही बिघडलेलं नाही. सगळं खरवडून परत पॅनमध्ये घ्या, यावेळी दोन वाटे करा. एका पॅनमध्ये दुप्पट घातलं की थर जाड होतो आणि मधली वाफ निघत नाही. चमचाभर तूप, मंद आच, सहा-सात मिनिटं. तरी सैल वाटलं तर दोन मोठे चमचे दूध पावडर. गोळी मधलीच घ्या. आणि साखर आता वाढवू नका, अगं, चुकूनसुद्धा.

गवतीचहा | शुक्रवार, रात्री १:०५

झाल्या. पहिल्या वाट्याची गोळी वळली, बोट कोरडं. दुसरा थापलाय. स्वयंपाकघरभर तूप-जायफळाचा वास सुटलाय, नवरा उठून आला आणि पॅनची खरवड उभ्या उभ्या खाऊन गेला. काकू, तुम्ही नसता तर मी हे सगळं फेकून दिलं असतं.

वेलमांडव | शुक्रवार, सकाळी ८:४०

छान. एक राहिलंच. तुम्ही कोलंबसला आहात तर दक्षिणेला तासाभरावर सर्कलव्हिलला दर ऑक्टोबरात भोपळ्यांची जत्रा भरते, १९०३पासून. तिसऱ्या बुधवारी सुरू होऊन शनिवारपर्यंत. मुलीला घेऊन जा, ते अवाढव्य मॅक्सिमा तिथे प्रत्यक्ष बघायला मिळतील.

गवतीचहा | रविवार, सकाळी १०:३०

वृत्तांत लिहायला बसले.

बहात्तर वड्यांपैकी परत आल्या चार. उपासवाल्या तिघींनी वडी आणि मसाला दूध एवढ्यावरच समाधान मानलं आणि एकीने तिच्या मुलीसाठी कागदात दोन बांधून घेतल्या. रंग इतका आला होता की एका आजींनी विचारलं, केशर किती घातलंस? भोपळा म्हटल्यावर त्यांनी दुसरी उचलली आणि बराच वेळ त्यांच्या आईच्या परसातल्या वेलाबद्दल सांगत होत्या. गोठ्याच्या छपरावर चढवलेला वेल, आणि पिकलेला भोपळा उतरवायला दोन माणसं लागायची.

श्रीखंड कोरडं आटवून केलं, एकही कण नाही. पण खरं सांगायचं तर गार हवेत थंड श्रीखंड लोकांनी कमी घेतलं, आठ कप उरले. पुढच्या वर्षी ते दुपारच्या कार्यक्रमाला करेन.

चीजकेकचे कप वीस केले होते, बर्फाच्या पेटीतून दोन खेपांत काढले. पेटी उघडली की मुलं धावत यायची. एक कप मी मुद्दाम ताटलीत उलटा करून बघितला. तसाच उभा राहिला, खालचा चुरा वर, कडा शाबूत. गेल्या वर्षीचा तो ओघळ मनातून गेला.

त्या मुलाचा डबा सगळ्या डब्यांच्या शेजारीच ठेवला होता. त्याने स्वतः झाकण उघडलं, वडी घेतली आणि मग मित्राला विचारलं, ‘तुला हवी?’ त्याची आई माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. आम्ही दोघीही काही बोललो नाही.

ढग होते, पण साडेदहाला फाटले आणि चंद्र झाडांच्या वर आला. तोवर दूध थर्मासमध्ये गरमच होतं.

तिसरा_डबा | रविवार, सकाळी ११:१५

पोचलं. फार बरं वाटलं.

पाटावरवंटा | रविवार, दुपारी १२:००

चारपैकी किती कॅन लागले? उरलेला उघडा डबा असेल तर गर डब्यातच ठेवू नका, काचेच्या भांड्यात काढा. तीन-चार दिवसांत संपणार नसेल तर गोठवा. घरी बरणीत भरून टिकवायचा प्रयत्न मात्र करू नका. एवढा दाट गर घरच्या यंत्रात मधोमध पुरेसा तापतोच असं नाही.

गवतीचहा | रविवार, दुपारी १२:२०

चारही उघडले, साडेतीन लागले. उरलेला अर्धा आटवला आणि मफिनच्या साच्यात पाव-पाव वाटीचे गोळे करून फ्रीझरमध्ये टाकला. दोन गोळे झाले. थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी घरी चौघंच असू, त्या दिवशी घारगे करणार आहे. कढीलिंब, तुमच्याकडे कणकेत रवा घालतात का, आणि किती?

कढीलिंब | रविवार, दुपारी १२:४५

घालतो. दोन वाट्या कणकेला दोन चमचे बारीक रवा, आणि गूळ गरात विरघळवून मग त्यात मावेल तेवढीच कणीक. पाणी थेंबभरही नाही. तुमचा गर आटवलेला आहे, त्यामुळे कणीक कमी लागेल, अंदाजाने घाला. वरून खसखस लावून थापा.